स्लायफर आणि त्यांचा हट्टी वर्णपटलेखक

विश्व प्रसरण पावत आहे, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या शोधाबरोबर एडविन हबल यांचे नाव घेतले जाते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र हबल यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध आलेखाच्या एका अक्षावर दीर्घिकांची अंतरे होती, तर दुसऱ्यावर त्यांचे वेग. अंतरे हबल यांची होती. वेग मात्र बहुतांशी दुसऱ्याच एका माणसाने, दुसऱ्याच एका डोंगरावर, कितीतरी लहान दुर्बिणीने मोजलेले होते. त्या निबंधात या माणसाचा नामोल्लेखही नव्हता. व्हेस्टो मेल्विन स्लायफर हे त्यांचे नाव. खगोलशास्त्राच्या इतिहासात ते आदराने घेतले जाते, इतरत्र फारसे नाही.

स्लायफर यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७५ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील मलबेरी या गावाजवळच्या एका शेतावर झाला. इंडियाना विद्यापीठातून १९०१ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्यांचे प्राध्यापक विल्बर कॉगशॉल यांनी काही काळ ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथील लॉवेल वेधशाळेत काम केले होते. त्यांच्या शब्दाखातर वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांनी या तरुणाला ठेवून घेतले, तेही नाखुशीने आणि तात्पुरते. ऑगस्ट १९०१ मध्ये रुजू झालेले हे तात्पुरते सहायक त्याच वेधशाळेतून १९५४ मध्ये निवृत्त झाले.

लॉवेल हे बोस्टनचे धनाढ्य गृहस्थ. मंगळावर बुद्धिमान प्राण्यांनी कालवे खणले आहेत, या त्यांच्या मतामुळे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ त्यांच्याकडे संशयाने पाहत. त्यांना उत्तर देण्यासाठी लॉवेल यांना उत्तमातले उत्तम उपकरण हवे होते. पिट्सबर्गचे नामवंत कारागीर जॉन ब्रॅशियर यांच्याकडे त्यांनी वर्णपटलेखकाची मागणी नोंदवली. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या गाजलेल्या उपकरणाच्या धर्तीवर तो बनवायचा होता. स्लायफर फ्लॅगस्टाफला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत हे यंत्रही तेथे येऊन दाखल झाले.

वर्णपटलेखकाचे तत्त्व सोपे आहे. दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश एका अरुंद फटीतून आत घ्यायचा, भिंगाने तो समांतर करायचा, लोलकांतून नेऊन त्याचे रंग फाकवायचे आणि ते छायाचित्रणाच्या काचपट्टीवर टिपायचे. त्या रंगपट्ट्यात काही बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रकाश देणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर या रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. किती सरकल्या हे मोजले की वेग कळतो. तत्त्व एवढेच. अडचणी सुरू होतात त्या यंत्र प्रत्यक्ष दुर्बिणीला जोडल्यावर.

सुमारे २०० किलो वजनाचा हा ठोकळा ३२ फूट लांबीच्या दुर्बिणीच्या डोळा लावायच्या टोकाशी टांगायचा होता. २४ इंची भिंगाची ही दुर्बीण अल्व्हन क्लार्क यांच्या प्रसिद्ध कारखान्यात तयार झाली होती. नवे वजन टांगल्यावर तिचा तोल नव्याने सावरणे आले. तारा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो तशी दुर्बीण फिरते, आणि दुर्बीण फिरली की टांगलेल्या उपकरणावरील गुरुत्वाकर्षणाचा ताण बदलतो. धातूचा सांगाडा केसभर वाकतो आणि काचेवरील रेषाही तेवढ्याच हलतात. दुसरा शत्रू थंडी. सुमारे ७ हजार फूट उंचीवरच्या फ्लॅगस्टाफला रात्री पारा झपाट्याने उतरतो. लोलक थंड झाला की त्याची प्रकाश वळवण्याची क्षमता बदलते आणि रेषा पुन्हा सरकतात. तारा जागचा हलला नाही तरी काचपट्टी सांगते की तो धावतो आहे! म्हणून यंत्राभोवती पेटी हवी, पेटीत उष्णता देण्याची सोय हवी आणि आतले तापमान रात्रभर एकसारखे राखायला हवे. शिवाय दोन विद्युत्‌अग्रांमध्ये ठिणगी पाडून तिचा वर्णपट त्याच काचपट्टीवर ताऱ्याच्या वर्णपटाशेजारी उमटवायचा. त्या ठिणगीच्या रेषांच्या जागा पक्क्या ठाऊक असतात. त्या धरूनच बाकीची मोजणी करायची.

स्लायफर यांना यातले जवळजवळ काहीच येत नव्हते. विद्यापीठात त्यांनी हाताळलेली उपकरणे याच्यापुढे खेळणी होती. सुरुवातीच्या काळात तर वर्णपटाचे तांबडे टोक कोणते आणि निळे कोणते, याचाच त्यांनी घोळ घातला. ज्या माणसाच्या नावावर पुढे दीर्घिकांच्या प्रकाशाची ताम्रसृती लागली, त्याची सुरुवात अशी झाली, ही नोंद मला तरी फार दिलासा देणारी वाटते.

लिक वेधशाळेत जाऊन हे तंत्र शिकून यावे, अशी परवानगी त्यांनी लॉवेल यांच्याकडे मागितली. लॉवेल यांनी ती साफ नाकारली. लिक वेधशाळा प्रतिस्पर्धी होती. आपला माणूस तेथे अडाणी विद्यार्थी म्हणून गेलेला त्यांना चालणार नव्हता. यंत्र स्वतःच शिका, असा त्यांचा हुकूम होता. हुकूम अन्यायाचा होता, यात शंका नाही. पण शिकवायला कोणीच नसल्यामुळे स्लायफर यांना त्या यंत्राचा प्रत्येक दोष स्वतःच शोधावा लागला. यंत्र सरावाचे व्हायला सुमारे वर्ष गेले.

यंत्र हाताखाली आले याची पहिली मोठी परीक्षा १९०३ मध्ये झाली. शुक्र स्वतःभोवती किती वेळात फिरतो, हा तेव्हा वादाचा विषय होता. स्लायफर यांच्या काचपट्ट्यांवर शुक्राच्या जलद परिवलनाची खूण सापडली नाही. पण खूण न सापडणे हा यंत्राचा आंधळेपणाही असू शकतो. म्हणून त्यांनी तेच यंत्र त्याच पद्धतीने मंगळावर रोखले. मंगळाचा दिवस आधीच अचूक माहीत होता. यंत्राने दिलेले उत्तर त्याच्या बरेच जवळ आले, तेव्हाच शुक्राचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. न समजलेल्याकडे जाण्यापूर्वी समजलेल्यावर यंत्र तपासून घेण्याची ही सवय त्यांनी पुढे कधी सोडली नाही.

दरम्यान वेधशाळेतील इतर कामे होतीच. लॉवेल बोस्टनला असले की भाजीच्या मळ्याची देखरेख स्लायफर यांच्याकडे असे, आणि 'व्हीनस' नावाच्या गायीचीसुद्धा! मळ्यातल्या भाजीची चौकशी करणारी पत्रे बोस्टनहून येत. वर्णपटाच्या लाल टोकापलीकडचा भाग टिपण्यासाठी काचपट्ट्यांवर रंगद्रव्यांची प्रक्रिया करण्यात स्लायफर तरबेज झाले. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांच्या वर्णपटांतले काळे पट्टे त्यांनी टिपले. हे पट्टे अमोनिया आणि मिथेनचे आहेत, हे १९३०च्या दशकात रूपर्ट विल्ट यांनी ओळखले. १९०८ मधील मंगळाच्या काचपट्ट्यांवरून तेथे पाण्याची वाफ असल्याचा दावाही झाला. लॉवेल यांना तो फार प्रिय होता. पुढे तो टिकला नाही.

१९०९ मध्ये लॉवेल यांनी नवे काम सांगितले. आकाशात चक्राकार आकाराचे अनेक तेजोमेघ दिसतात. ते घडत असलेल्या सूर्यमाला असाव्यात, असे लॉवेल यांना वाटे. त्यांचे वर्णपट घ्या, म्हणजे आपल्या सूर्यमालेच्या जन्माचा सुगावा लागेल, अशी त्यांची अपेक्षा होती. स्लायफर यांना हे अशक्यप्राय वाटले. तेजोमेघ अतिशय मंद आणि दुर्बीण २४ इंची. लिकची दुर्बीण ३६ इंची होती, आणि तेथेही या कामाने हात टेकले होते.

येथे स्लायफर यांनी यंत्राचा नव्याने विचार केला. तारा बिंदूवत असतो, त्यामुळे त्याच्यासाठी दुर्बीण जितकी मोठी तितकी चांगली. तेजोमेघ मात्र पसरट असतो. त्याच्या बाबतीत दुर्बिणीचा आकार जवळजवळ निरर्थक ठरतो. खरे महत्त्व वर्णपटलेखकातील कॅमेऱ्याच्या भिंगाच्या वेगाला, म्हणजे ते प्रकाश किती एकवटून काचेवर टाकते याला आहे. तीन लोलकांऐवजी त्यांनी एकच ठेवला, कारण प्रत्येक लोलक थोडा प्रकाश खातो आणि उरलेला अधिक पसरवतो. नाभीय अंतर कमी असलेले वेगवान भिंग कॅमेऱ्याला बसवले आणि फट रुंद केली. मोबदल्यात वर्णपट आक्रसला. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, रुंदी मिलिमीटरभर. पण त्यावर रेषा उमटल्या. मोठ्या दुर्बिणींना न जमलेले काम लहान दुर्बिणीने केले, त्याचे कारण या एका बदलात आहे.

१७ सप्टेंबर १९१२ रोजी त्यांनी देवयानी तारकासमूहातील तेजोमेघावर यंत्र रोखले आणि ६ तास ५० मिनिटे काचपट्टी उघडी ठेवली. पुढच्या काचपट्ट्यांना एक रात्र पुरेना. पहाट झाली की काचपट्टीवर झाकण सरकवायचे, दिवसभर यंत्राला धक्का लागू द्यायचा नाही, आणि अंधार पडल्यावर तोच तेजोमेघ पुन्हा फटीवर आणून पुढे चालू करायचे. दुर्बीण फिरवणारी यंत्रणा कितीही चांगली असली तरी तास-दोन तासांत लक्ष्य फटीवरून ढळू लागते. म्हणून डोळा लावून, बोटांनी सूक्ष्म चाके फिरवत ते जागेवर आणत राहायचे. गोठवणाऱ्या घुमटात, रात्र-रात्र. दुसरी काचपट्टी नोव्हेंबरच्या दोन रात्रींत झाली, तिसरी डिसेंबरच्या सुरुवातीच्या दोन रात्रींत. चौथी २९ डिसेंबरला सुरू झाली ती वर्षाच्या शेवटच्या दिवशी संपली.

जानेवारी १९१३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी झाली. रेषांचे सरकणे मिलिमीटरच्या काही शतांशांएवढे होते, पण त्याचा अर्थ अचाट होता. चार काचपट्ट्यांनी सेकंदाला २८४, २९६, ३०८ आणि ३०१ किलोमीटर असे वेग दिले. सरासरी सुमारे ३००, आणि दिशा आपल्याकडे. तोवर ताऱ्यांचे जे वेग मोजले गेले होते ते बहुधा सेकंदाला काही दशक किलोमीटरच्या घरातले. असा आकडा समोर आल्यावर कोणत्याही निरीक्षकाला आधी यंत्राचाच संशय येईल, आणि स्लायफर यांनाही तो आला. पण सांगाडा किती वाकतो, लोलक थंडीने किती फसवतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत होते? यंत्राच्या ज्ञात दोषांपैकी एकही एवढे मोठे सरकणे घडवू शकत नव्हता. चार वेगवेगळ्या वेळच्या काचपट्ट्या एकमेकींशी जुळत होत्या. त्यांनी आकडा प्रसिद्ध केला.

लिकचे संचालक विल्यम कॅम्पबेल यांना सुरुवातीला तो पटला नाही. पण थोड्याच काळात लिकमधील मोजणीनेही त्याला दुजोरा दिला. लिकला शिकायला जाऊ न दिलेल्या माणसाचे उत्तर आता लिकमध्ये पडताळले जात होते.

देवयानीचा वेग आपल्याकडे होता; पुढचे बहुतेक तसे निघाले नाहीत. कन्या राशीतील एक तेजोमेघ सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने दूर जात असल्याचे आढळले. ऑगस्ट १९१४ मध्ये इव्हान्स्टन येथील अमेरिकन खगोल संघटनेच्या अधिवेशनात स्लायफर यांनी आपले निष्कर्ष वाचले. त्यांनी मोजलेल्या १५ तेजोमेघांपैकी ११ दूर जाणारे होते. सभागृहाने उभे राहून त्यांना मानवंदना दिली. शोधनिबंधांच्या रूक्ष बैठकीत हे सहसा घडत नाही. श्रोत्यांत हबल नावाचा एक तरुणही होता. १९१७ पर्यंत ही संख्या २५ झाली, त्यांतले २१ दूर जाणारे. हे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र तारकाविश्वे असावीत, या मताकडे तेव्हाच स्लायफर यांचा कल झाला होता. लॉवेल यांची सूर्यमालेची कल्पना त्यांनी गाजावाजा न करता बाजूला ठेवली. आर्थर एडिंग्टन यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात स्लायफर यांनी पुरवलेली ४१ वेगांची यादी छापली. त्यांत ३६ दूर जाणारे होते. १९२७ मध्ये बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी प्रसरणशील विश्वाचे गणित मांडले, तेही मुख्यतः याच वेगांच्या आधारे.

स्लायफर यांनी मात्र पुढचे पाऊल टाकले नाही. अंतरे मोजण्यासाठी दीर्घिकांमधील सुटे तारे दिसायला हवेत. त्यासाठी माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण हवी होती, आणि ती हबल यांच्याकडे होती. १९१६ मध्ये लॉवेल यांचे निधन झाले आणि वेधशाळेची जबाबदारी स्लायफर यांच्यावर आली. लॉवेल यांच्या पत्नीने मृत्युपत्राला आव्हान दिले. खटला सुमारे दहा वर्षे चालला आणि वेधशाळेच्या निधीला मोठी गळती लागली. त्या ओढाताणीत निरीक्षक मागे पडला आणि व्यवस्थापक पुढे आला. १९२९ मध्ये त्यांनी क्लाइड टॉम्बॉ या कॅन्ससच्या शेतकरी तरुणाला कामावर घेतले आणि १९३० मध्ये टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्यानंतर मात्र वेधशाळा हळूहळू मागे पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्लायफर मुळातच मितभाषी. प्रत्येक निष्कर्ष पुन्हा पुन्हा तपासायचा आणि शंका उरली तर छापायचाच नाही, हा त्यांचा स्वभाव. ज्या गुणाने देवयानीचा आकडा विश्वासार्ह झाला, त्यानेच त्यांची कितीतरी कामे कपाटात राहिली.

मान्यतेची उणीव होती असे नाही. १९३२ मध्ये हेन्री ड्रेपर पदक, १९३३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक आणि १९३५ मध्ये ब्रूस पदक, असे मोठे सन्मान त्यांना मिळाले. पण नियमाला नाव हबल यांचेच पडले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेऊन त्यात लमेत्र यांचे नाव जोडण्याची शिफारस केली. स्लायफर यांचे नाव तेव्हाही त्यात आले नाही.

१९५३ मध्ये, लंडनमधील एका व्याख्यानाच्या तयारीत असताना, हबल यांनी स्लायफर यांना पत्र लिहून त्यांच्या पहिल्या वर्णपटांची चित्रे मागवली, आणि आपल्या नियमाचा अर्धा भाग स्लायफर यांच्या वेगांवर उभा असल्याची कबुलीही त्यात दिली. त्याच वर्षी हबल यांचे निधन झाले. स्लायफर पुढच्या वर्षी निवृत्त झाले आणि फ्लॅगस्टाफमध्येच राहिले. ८ नोव्हेंबर १९६९ रोजी, ९४ व्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, तेथेच त्यांचे निधन झाले.