अल्मरॉथ राइट

सर अल्मरॉथ एडवर्ड राइट (१० ऑगस्ट, १८६१ – ३० एप्रिल, १९४७) हे ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञ व रोगप्रतिकारशास्त्रज्ञ होते. विषमज्वराच्या (टायफॉइड) प्रतिबंधक लशीच्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते.

शिक्षण

राइट यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी साहित्य व वैद्यक या दोन्ही विषयांच्या पदव्या मिळविल्या. १८९२ मध्ये ते नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

विषमज्वराची लस

दूषित अन्नपाण्यातून पसरणारा विषमज्वर आतड्यांना ग्रासतो. त्या काळी सैन्याच्या छावण्यांत त्याची नेहमीच धास्ती असे. वाल्डेमार हाफकिन यांच्या कॉलऱ्यावरील लशीच्या कामातून राइट यांना प्रेरणा मिळाली. उष्णतेने मारलेल्या जीवाणूंची लस त्यांनी १८९६ च्या सुमारास तयार केली. त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड फायफर व विल्हेल्म कोले यांनीही तशीच लस बनविली. १८९८ मध्ये प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून राइट भारतात आले, तेव्हा येथील ब्रिटिश सैनिकांनाही त्यांनी ती टोचली.

बोअर युद्ध व वाद

दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) लस ऐच्छिक होती. टोचल्यावर ताप व वेदना होत असल्याने थोड्याच सैनिकांनी ती घेतली. या युद्धात ८,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक विषमज्वराने दगावले. लढाईतील मृत्यूंहून ही संख्या मोठी होती. लशीच्या नोंदी मात्र अपुऱ्या होत्या. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्ये त्यांवर आक्षेप घेतला. लस स्वखुशीने घेणारे मुळातच अधिक काळजी घेणारे असू शकतील, असा एक मुद्दा होता. राइट यांना तो मान्य झाला नाही. पुढे विल्यम लीशमन यांनी लस सुधारून पलटणींतील काटेकोर नोंदी ठेवल्या आणि लशीची उपयुक्तता प्रस्थापित झाली.

पहिले महायुद्ध

या युद्धातही लशीची सक्ती नव्हती, तरी बहुसंख्य ब्रिटिश सैनिकांनी ती घेतली. सैन्य कित्येक पटींनी मोठे असूनही विषमज्वराचे मृत्यू बोअर युद्धाहून पुष्कळच कमी झाले. शुद्ध पाण्याच्या व्यवस्थेचाही त्यात वाटा होता.

इतर कार्य

१९०२ पासून राइट लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात होते. अलेक्झांडर फ्लेमिंग हे तेथील त्यांचे सहकारी. १९०६ मध्ये राइट यांना 'सर' हा किताब मिळाला. स्त्रियांच्या मताधिकाराला केलेल्या विरोधामुळे त्यांच्यावर टीकाही झाली.