सोपाऱ्याचा स्तूप ओळखणारे पंडित : भगवानलाल इंद्रजी

बुद्धपौर्णिमेला आपण नालासोपाऱ्याच्या स्तूपावर जातो, वंदना घेतो, फोटो काढतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र लोक या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. त्याचे खरे रूप जगापुढे आणले ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी.

त्यांचा जन्म १८३९ मध्ये जुनागढच्या ब्राह्मण कुटुंबात झाला. इंग्रजी शिक्षण बेताचे. पण गिरनारच्या पायथ्याच्या शिलालेखांची अक्षरे त्यांना लहानपणीच खुणावू लागली. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना हाताशी घेतले. भारतभर आणि नेपाळात हिंडून त्यांनी लेखांचे ठसे घेतले.

एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती आठ कांस्यमूर्ती : विपश्यी ते शाक्यमुनी हे सात बुद्ध आणि आठवा येणारा मैत्रेय. करंडकात एकात एक चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची डबी होती. सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे तुकडे! ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींचे मत होते. या रचनेचा अर्थ आम्हाला असा दिसतो : सोने इथे केवळ राखणदार आहे, मान भिक्षेच्या मातीचा आहे.

त्याच वर्षी सोपाऱ्यात त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजांच्या शिकारीच्या, मौजेच्या सहली सोडून अशोकाने धम्मयात्रा सुरू केली, हे सांगणारा हा लेख.

नाशिकच्या लेण्यांतील लेखही पंडितजींनी वाचले. त्यांपैकी उषवदाताच्या लेखात डहाणुका नदीवर फुकट नावा ठेवल्याची नोंद आहे. डहाणुका म्हणजे आपली डहाणूची खाडी. नरपडच्या शेजारचे हे नाव सुमारे एकोणीसशे वर्षे दगडावर कोरलेले आहे, आणि आपल्यातल्या किती जणांना ते वाचता येते?

१८८४ मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १६ मार्च १८८८ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते मुंबईत वारले.

ते बौद्ध नव्हते, तरी आपला वारसा अक्षर अक्षर वाचत गेले. आपण वारसदार म्हणवतो, तर नुसत्या फोटोवर भागणार नाही. नरपड-डहाणूच्या प्रत्येक विहारात धम्मलिपीचा वर्ग सुरू करू या. तरच सोपाऱ्याची आपली फेरी सहल न राहता धम्मयात्रा होईल.

नमो बुद्धाय! जय भीम!