तुकाराम : वैफल्य आणि कृपा

संतचरित्रांत चमत्कारांना अग्रस्थान मिळते आणि चरित्रनायकाच्या अपयशावर बहुधा पडदा पडतो. तुकारामांच्या बाबतीत असा पडदा टाकणे शक्य नाही. कारण आपल्या अपयशाची नोंद त्यांनी स्वतःच आत्मपर अभंगांतून करून ठेवली आहे. हे सांगू नये, परंतु संतांनी आग्रह केला म्हणून सांगतो, असा संकोच प्रकट करून त्यांनी आपला वृत्तांत कथन केला. त्या वृत्तांतात पराभव आधी येतो, कृपा मागाहून येते. आणि हा क्रमच त्यांच्या चरित्राचा गाभा होय.

पुण्याच्या वायव्येस इंद्रायणीच्या काठी वसलेल्या देहू या गावी तुकारामांचा जन्म झाला. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी इ. स. १६०८ हे वर्ष सामान्यतः ग्राह्य धरले जाते. घराणे मोरे यांचे. जात कुणब्याची, वृत्ती वाण्याची. वडील बोल्होबा व आई कनकाई. घरात विठ्ठलाची उपासना व पंढरीची वारी परंपरेने चालत आलेली होती. शेती, दुकान, सावकारी व महाजनकी असा सुस्थित प्रपंच होता. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे असल्याने व्यवहाराचा भार तुकारामांवर लहान वयातच आला. रखमाई व जिजाई या त्यांच्या दोन पत्नी. धाकटे बंधू कान्होबा.

आईवडिलांच्या निधनानंतर या घराची घडी विसकटली. सावजींची पत्नी निवर्तली व ते तीर्थाटनास निघून गेले. त्यातच १६३०-३१ चा भीषण दुष्काळ कोसळला. दख्खन व गुजरात या दोन्ही प्रदेशांत या दुष्काळाने हाहाकार उडवला. तुकारामांचे भांडवल संपले, दिवाळे निघाले, गावातील पत गेली. थोरली पत्नी अन्नावाचून मरण पावली. संतू नावाचा मुलगाही गेला, असे परंपरा सांगते. कर्त्या पुरुषाच्या देखत घरातील माणूस उपाशी मरावे, ही घटना केवळ दुर्दैवाची नव्हती. तिच्यात कर्तव्यच्युतीचा डंख होता. या प्रसंगाने आपल्याला लाज वाटली व या दुःखाने आपण पोळून निघालो, हे तुकारामांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

येथून पुढे त्यांनी जे केले, त्यात कोणताही आकस्मिक चमत्कार नाही. पूर्वजांचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते. ते त्यांनी डागडुजी करून उभे केले. भामचंद्र व भंडारा या डोंगरांवर ते एकांतात जाऊन बसू लागले. कीर्तनाचा अभ्यास नव्हता, म्हणून मागे उभे राहून ध्रुपद धरणे आणि पूर्वसंतांची वचने पाठ करणे एवढेच त्यांनी आरंभी पत्करले. महीपतींच्या चरित्रानुसार, लोकांकडून येणे असलेल्या रकमांच्या खतांची त्यांनी कान्होबांशी वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. ज्या दुष्काळाने सावकाराला बुडवले, त्याने ऋणकोलाही बुडवलेच होते. देवाच्या दयेवर विसंबू पाहणाऱ्याने दुसऱ्याच्या देण्याचा तगादा लावणे त्यांना विसंगत वाटले असावे.

माघ शुद्ध दशमीस गुरुवारी बाबाजींनी स्वप्नात आपल्यावर अनुग्रह केला, असे ते सांगतात. पुढे नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली. या कवित्वात बुडालेल्या दुकानाची भाषा मात्र जिवंत राहिली. भांडवल, माप, ठेव, लाभ व तोटा हे शब्द त्यांच्या अभंगांत वारंवार येतात. फक्त माल आता धन्याचा आहे आणि आपण केवळ मोजून देणारे आहोत, ही जाणीव नवी आहे. दिवाळे निघाले हे बरेच झाले, दुष्काळाने पीडा केली हेही बरे झाले, अशा आशयाचा त्यांचा अभंग सर्वपरिचित आहे. त्यात कोणाला निष्ठुरता भासेल. परंतु उपाशी मेलेल्या पत्नीची आठवण ज्याने आत्मवृत्तात जपून ठेवली, त्याचे हे उद्गार दुःख नाकारणारे नव्हेत. दुःखाच्याही पलीकडे देव आपल्याला विसरला नव्हता, हा त्यांचा अर्थ आहे. गेलेला व्यापार परत मिळाला नाही आणि तुकारामांनी तो मागितलाही नाही.

दुसरी कसोटी कवित्वानेच आणली. शूद्राने परमार्थाचा उपदेश करावा हे धर्माधिकाऱ्यांना सहन झाले नाही. वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांचे नाव परंपरा या संदर्भात घेते. पुढे तेच तुकारामांचे अनुयायी झाले. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. खते त्यांनी आपण होऊन सोडली होती. वह्या मात्र त्यांच्याकडून हिरावल्या गेल्या. तुकाराम तेरा दिवस डोळे मिटून नदीकाठी पडून राहिले. वह्या सुरक्षित मिळाल्यानंतरच्या अभंगांत विजयाचा सूर असेल अशी अपेक्षा करणाऱ्या वाचकाला तेथे पश्चात्ताप आढळतो. लोकांच्या बोलण्यासाठी आपण चित्त क्षुब्ध केले, देवाचा अंत पाहिला, त्याला शिणवले, हा मोठा अन्याय झाला, असे ते म्हणतात. उपोषणाची ही हट्टी निष्ठाही त्यांना स्वतःचे अपयश वाटली. आणि ते अपयश पदरात घेऊनही देव मायेने जवळ आला, ही अनुभूती त्या अभंगांचा विषय आहे. पहिल्या वेळी कृपा दिवाळखोराला भेटली होती. या वेळी ती भक्तालाच, त्याच्या भक्तीतील उणेपणासह, भेटली.

इ. स. १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकारामांचे निर्याण झाले. बहिणाबाई व निळोबा यांनी त्यांना गुरुस्थानी मानले. शासनाच्या साहाय्याने १८६९ व १८७३ मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत निघालेल्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. सत्येंद्रनाथ ठाकुरांनी काही अभंग बंगालीत नेले. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात काहींचे इंग्रजी भाषांतर केले. ख्रिस्तोपासक कवी नारायण वामन टिळकांनी आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा पूल म्हणून तुकारामांचा निर्देश केला. इतक्या भिन्न श्रद्धांच्या माणसांना हा देहूचा वाणी जवळचा वाटला, याचे एक कारण स्पष्ट आहे. सिद्धपुरुषाच्या उंचीवरून बोलण्याऐवजी तो हिशेब चुकलेल्या माणसांच्या रांगेत उभा राहून बोलतो, आणि त्या रांगेत आपल्याआधी देव येऊन उभा होता, एवढीच साक्ष देतो.