परतवाड्याचे गोनीदा, सह्याद्रीचे वाटाडे

ट्रेकिंगचा विषय निघाला की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच नावं ऐकू येतात, कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगड. वाशीमहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, गर्दीत रांग लावून चढायचं, वर ग्रुप फोटो काढायचा आणि परत यायचं. पण या गर्दीपासून दूर असलेल्या गडांच्या वाटा एका माणसाने आयुष्यभर तुडवल्या. आणि तो माणूस आपल्या विदर्भातला होता!

गोपाळ नीळकंठ दांडेकर, म्हणजेच गोनीदा, यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याला झाला. मेळघाटच्या पायथ्याचं हे गाव. शाळा सातवीपर्यंतच झाली. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यचळवळीसाठी त्यांनी घर सोडलं. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, वेदान्ताचा अभ्यास, पायी नर्मदा परिक्रमा असं सगळं भटकणंच. डिग्री नाही, खिशात पैसा नाही. शेवटी ते तळेगाव दाभाडेला स्थिरावले आणि समोर सह्याद्री उभा होता.

त्यांनी काय वेगळं केलं? आपण गडावर जातो आणि उतरतो. गोनीदा गडावर राहणाऱ्या माणसांकडे जात. त्यांची राजमाची घ्या. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जाणारी वाट लांब पण सोपी आहे. कर्जतकडून कोंढाणे लेण्यांवरून जाणारी वाट जंगलातली, अंगावर येणारी आहे. वर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मध्ये उधेवाडी. ही माहिती आज मोबाईलवर मिळते. पण मुंबई सोडून माचीवर एकटा राहायला आलेला बुधा आपल्याला गोनीदांच्या कादंबरीतच भेटतो. 'पवनाकाठचा धोंडी' तुंगच्या परिसरातला. तुंग म्हणजे पवना धरणाजवळचा १०७५ मीटर उंचीचा टोकदार सुळका. 'जैत रे जैत' कर्नाळ्याच्या लिंगोबाच्या डोंगरातल्या ठाकरांची गोष्ट. तिच्यावर १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी सिनेमा काढला. म्हणजे ज्या डोंगरांवर फारसं कुणी जात नसे, ते त्यांच्यामुळे घराघरांत पोचले.

ते एकटेच फिरले नाहीत. तरुण पोरांना सोबत घेऊन जात, गडावर बसून इतिहास सांगत, फोटो काढत. 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तकं याच भटकंतीतून आली. 'स्मरणगाथा'ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा आपलं वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. सातवी शिकलेला मुलगा पन्नास वर्षांनी वऱ्हाडात परतला तो असा! १ जून १९९८ रोजी ते गेले आणि बरोबर एक महिन्याने वाशीम जिल्हा झाला.

आपण इंजिनीअरिंगवाले. आपल्याला वाटतं, जीपीएस असलं की झालं. पण पावसाळ्यात कुठली वाट वाहून गेली, कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्यासारखं आहे, कुठे धुकं उतरलं की थांबायचं, हे नकाशात नसतं. ते पायथ्याच्या गावातल्या म्हाताऱ्याला माहीत असतं. आडवाटेच्या डोंगरावर माणूस चुकतो तो बहुतेक वेळा या म्हाताऱ्याला न विचारता पुढे गेल्यामुळे. आणि त्या गावातली पोरंही आता आपल्यासारखीच शिकायला, नोकरीला शहरात जातात. मग उद्या ही वाट सांगणार कोण?

म्हणून पुढच्या सुट्टीत एवढंच करूया. कळसूबाई राहू दे. आपल्या जवळचा नरनाळा आहे, अकोला जिल्ह्यात, सातपुड्यात. पायथ्याच्या शहानूरला उतरायचं. व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तेव्हा परवानगी घ्यायची. आणि वर चढण्याआधी गावातल्या कुणाच्या तरी ओसरीवर अर्धा तास बसायचं. वाट विचारायची, चहा दिला तर प्यायचा. गोनीदांनी दुसरं काय केलं?