मांजर क्रमांक ४००

गटारात सोडलेला जड धातू कुजत नाही, जळत नाही आणि वाहून गेला म्हणून संपतही नाही. हे प्रयोगाने पडताळून पाहणारे एक डॉक्टर त्या सांडपाण्याच्या मालकाच्याच नोकरीत होते. त्यांचे नाव हाजिमे होसोकावा.

त्यांचा जन्म १९०१ सालचा, जपानच्या एहिमे प्रांतातला. टोकियोत वैद्यकीचे शिक्षण घेऊन पुढे ते मिनामाता शहरातील चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. एप्रिल १९५६ मध्ये तिथे पाच वर्षांची एक मुलगी आली. चालताना तिचा तोल जाई, बोलणे अडखळे, झटके येत. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आणि शेजारीही आजारी असल्याचे कळले. १ मे रोजी होसोकावांनी आरोग्य केंद्राला मेंदूच्या या अज्ञात विकाराची खबर दिली.

कोळ्यांच्या वस्तीत मांजरेही तशीच तडफडून मरत होती. माणसे आणि मांजरे, दोघांच्याही खाण्यात खाडीतले मासे होते. कुमामोतो विद्यापीठाने जुलै १९५९ मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. कंपनीने ते नाकारले. कारखान्याच्या ॲसिटाल्डिहाइड विभागात पारा वापरत. त्यातून मिथाइल पारा तयार होई आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. होसोकावांनी हेच सांडपाणी एका मांजराच्या अन्नात मिसळायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये मांजर क्रमांक ४०० मध्ये तीच लक्षणे दिसली.

कंपनीने हा निष्कर्ष दडपला आणि त्या सांडपाण्यावरचे प्रयोग थांबवायला लावले. होसोकावा गप्प राहिले आणि १९६२ मध्ये निवृत्त झाले. विषारी पाणी मात्र १९६८ पर्यंत जातच राहिले. पोटातली बाळेही सुटली नाहीत, कारण मिथाइल पारा वार ओलांडून गर्भाच्या मेंदूत पोहोचतो.

रुग्णांनी कंपनीवर खटला भरला. जुलै १९७० मध्ये कर्करोगाने आजारी असलेल्या होसोकावांनी रुग्णालयातल्या खाटेवरून साक्ष दिली आणि मांजर ४०० ची हकीकत सांगितली. ऑक्टोबरमध्ये ते वारले. मार्च १९७३ मध्ये निकाल रुग्णांच्या बाजूने लागला.

पहिली मुलगी आल्यावर दहा दिवसांत खबर देणारा हा डॉक्टर पुढे अकरा वर्षे पुरावा मनात ठेवून राहिला. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर त्यांच्यावरचा दबाव मला समजतो. पण त्या मौनाची किंमत रुग्णांनी मोजली, हेही विसरता येत नाही.

आपल्या शहरांतल्या सांडपाणी प्रकल्पांतले जिवाणू मैला पचवतात. पारा, शिसे, कॅडमियम त्यांना पचत नाही. हे धातू गाळात साचतात किंवा नदीत जातात. गाळाचे खत झाले तर ते शेतात पोहोचतात. म्हणून थर्मामीटर फुटला तर पारा बेसिनमध्ये सोडू नका. हात न लावता जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि जुन्या बॅटऱ्यांसारखाच घातक कचरा म्हणून वेगळा द्या.