न्यायमूर्ती रानडे आणि कापसाचा हिशेब

आपल्या नायगावच्या काळ्या रानात कापूस पिकतो. त्यामुळे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा प्रश्न आपणांस परका वाटू नये. आपण कच्चा कापूस विकायचा आणि कापड मात्र मँचेस्टरचे नेसायचे, असे का?

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. १८७१ साली न्यायाधीश म्हणून पुण्यास आले व सार्वजनिक सभेत रमले. १८७९ मध्ये फडक्यांच्या बंडाच्या वेळी सरकारला त्यांचाही संशय आला आणि त्यांची धुळ्यास बदली झाली. नोकरी सरकारची आणि चिंता देशाची, ही कसरत त्यांनी जन्मभर केली. इंग्रजी राज्याला ते ईश्वरी योजना मानीत. हे मात्र आज पटत नाही.

पण १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात याच सौम्य माणसाने खुल्या व्यापाराच्या इंग्रजी अर्थशास्त्रालाच हात घातला. त्या शास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळी लागू पडत नाहीत, असे त्यांनी मांडले. जर्मन अर्थशास्त्रज्ञ लिस्टचा आधार घेऊन, बाल्यावस्थेतील उद्योगांना सरकारने हात दिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सरकारने केले उलटेच! १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली, आणि मँचेस्टरचे समाधान व्हावे म्हणून तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसविला. तो कायमचा उठण्यास १९२६ साल उजाडले. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीच गेले होते.