‘सिंक’ बटण नव्हतं तेव्हा: फ्रान्सिस ग्रासो

माझ्या फोनमधल्या डीजे ॲपमध्ये ‘सिंक’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळतात. ऑफिसहून आलो की मी हाऊसवरून टेक्नोवर जायची प्रॅक्टिस करायचो आणि वाटायचं, जमलं आपल्याला! मग एकदा ड्रमरनं हातानं वाजवलेलं जुनं गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात दोन्ही गाणी एकमेकांच्या अंगावर पडू लागली. असं का होतं ते शोधताना ग्रासो सापडला.

फ्रान्सिस ग्रासो १९४९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. मोटारसायकलच्या अपघातानंतर व्यायाम म्हणून तो नाचू लागला आणि त्यातूनच क्लबमध्ये नाचायचं काम मिळालं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका क्लबचा डीजे वेळेवर आला नाही, तेव्हा मालकानं ग्रासोला उभं केलं. नोकरी मग यालाच मिळाली. (उशिरा येणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

त्याचं खरं नाव झालं ते ‘सँक्च्युअरी’ क्लबात. जुन्या जर्मन बॅप्टिस्ट चर्चमध्ये हा क्लब होता आणि टर्नटेबल चक्क वेदीवर मांडलेली. तेव्हा बहुतेक डीजे एक गाणं संपत आलं की दुसरं लावायचे. ग्रासो पुढची रेकॉर्ड आधी हेडफोनवर ऐकायचा. ती बोटानं धरून ठेवायचा, खाली तबकडी फिरतच असायची, आणि नेमक्या ठोक्याला बोट सोडायचा. याला स्लिप-क्यू म्हणतात; युक्ती मूळची रेडिओवाल्यांची. वेग जुळत नसेल तर टर्नटेबलचा वेग किंचित कमी-जास्त करायचा. समजा, एक गाणं १२४ बीपीएमचं आणि दुसरं १२८ चं, तर पहिलं साधारण ३.२ टक्के पळवायचं. पण रेकॉर्ड पळवली की सूरही चढतो. आपल्या ॲपमधलं ‘की लॉक’ तो सूर जागेवर ठेवतं, त्याच्याकडे तसलं काही नव्हतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. सिंक आधी गाण्याचा बीपीएम काढतं, मग त्यावर ठोक्यांची जाळी बसवतं. हाऊस, टेक्नो मशीनवर बनतं, म्हणून जाळी शेवटपर्यंत बसते. ग्रासोच्या रेकॉर्ड हाडामांसाच्या ड्रमरनी वाजवलेल्या! माणूस जोशात आला की वेग वाढतो, दमला की उतरतो. त्यामुळे एकदा जुळवून हात बांधून उभं राहायची सोय नव्हती. कान सतत लावून, जरा घसरलं की बोटानं सावरायचं. अशा स्थितीत तो शिकागो बँडच्या ‘आय ॲम अ मॅन’मधल्या तालवाद्यांवर लेड झेपलिनच्या ‘होल लोटा लव्ह’चा मधला भाग चढवायचा. सोल, रॉक, ओलाटुंजीचे आफ्रिकन ढोल, सगळं एकाच रात्रीत. मला अजून हाऊसमधून ड्रम अँड बेसमध्ये धड जाता येत नाही.

हे सगळं त्यानं लपवून ठेवलं नाही. मायकेल कॅपेलो आणि स्टीव्ह डी’ॲक्विस्टो या तरुणांना शिकवलं. सँक्च्युअरी १९७२ मध्ये बंद झालं. टेक्निक्सचं सरकपट्टीवालं एसएल-१२०० एमके२ आलं १९७९ मध्ये, म्हणजे ग्रासोनं हे सगळं केल्यावर. २००१ मध्ये तो वारला.

सध्या मी सिंक बंद ठेवून तेच जुनं गाणं घेऊन बसतो. काल पहिल्यांदा सव्वा मिनिट टिकलो.